रक्ताची साक्ष

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या घराघरांत एका नव्या कागदाचा शिरकाव झाला आहे. पूर्वी मध्यमवर्गीय माणसाच्या कपाटात खरेदीखत, जन्मपत्रिका आणि मुलांची प्रशस्तिपत्रके असत. आता त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घातलेले रक्ततपासणीचे अहवाल असतात, आणि पन्नाशी उलटलेले गृहस्थ आलेल्या पाहुण्यापुढे ते मोठ्या अगत्याने उलगडून ठेवतात. या कागदावर 'एस.जी.ओ.टी.' ही अक्षरे आपणांपैकी पुष्कळांनी वाचली असतील. ही यकृताची तपासणी, असे कोणीही सांगेल, आणि आजच्या व्यवहारात ते बरोबरच आहे. परंतु वैद्यकात ही तपासणी प्रथम गाजली ती यकृताकरिता नव्हे, हृदयाकरिता. छातीच्या पिंजऱ्यात दडलेल्या हृदयाला इजा झाली तर तिचा पुरावा दंडातून काढलेल्या चमचाभर रक्तात सापडू शकतो, ही गोष्ट हिने व्यवहारात आणून दाखविली. पुढे हिलाच हृदयाच्या दारातून बाहेर पडावे लागले आणि हिच्या जागी दुसऱ्या आल्या. हे कसे घडले, त्याने काय साधले आणि काय साधले नाही, हा आजचा आमचा विषय आहे.

विषय निवडण्यास एक घरगुती कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. १९७६ च्या उन्हाळ्यात आमचे मामा, वय वर्षे एकावन्न, एका लग्नाच्या पंगतीवरून उठले आणि छातीत जड वाटते म्हणाले. पंगतीत जिलेबी झाली होती. तेव्हा ओवा झाला, खायचा सोडा झाला, कोणी पाठीला तेल चोळले. तरी बरे वाटेना, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर हुशार होते आणि कळवळ्याचे होते. त्यांनी कार्डिओग्राम काढला. तो स्वच्छ निघाला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी रक्त काढले आणि मोटारसायकलवरून माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी पिटाळला. संध्याकाळी उत्तर आले : एस.जी.ओ.टी. नेहमीइतके. सर्वांना हायसे वाटले. मामांनी घरी येऊन दहीभात खाल्ला, भाच्यांची चेष्टा केली, आणि पहाटे तीनच्या सुमारास ते गेले.

आम्ही त्या वेळी कॉलेजात होतो. कोणावर तरी रागावण्याचे ते वय, आणि आम्ही डॉक्टरांवर रागावलो. तो राग किती अस्थानी होता हे पुष्कळ वर्षांनी, या विषयाचे वाचन करू लागलो तेव्हा कळले. मामांचे रक्त दुखणे सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत काढलेले होते. आणि ज्या द्रव्याचा शोध घ्यावयाचा होता त्याला रक्तात वर चढण्यास सहा ते आठ तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. रक्ताने खोटी साक्ष दिली नव्हती. त्याला काही कळण्यापूर्वीच आपण त्याला विचारले होते.

आता मूळ इतिहासाकडे वळू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अकस्मात बंद पडल्या की माणूस जागच्या जागी मरतो, अशी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. जो रोग शवविच्छेदनाच्या टेबलावरच भेटावयाचा, त्याचे जिवंतपणी निदान करण्याचा प्रश्नच कोठे येतो? १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या समजुतीला धक्का दिला. रोहिणी बंद पडल्यावरही माणूस काही तास, काही दिवस जगू शकतो, इतकेच नव्हे तर बराही होऊ शकतो, आणि म्हणून हा रोग खाटेवर पडलेल्या माणसात ओळखता आला पाहिजे, असे त्यांनी लिहिले. त्यांनी वर्णन केलेला पहिला रोगी पंचावन्न वर्षांचा होता आणि त्याचे दुखणे जेवणानंतर तासाभराने सुरू झाले होते. तेव्हा पोट आणि छाती यांची गल्लत काही आमच्या मामांच्या पंगतीपासून सुरू झालेली नाही. हेरिक यांच्या निबंधाची त्या वेळी कोणी फारशी दखल घेतली नाही, हेही ओघानेच आले.

ओळखावयाचे कशाने? हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोवेन यांनी शतकाच्या सुरुवातीसच हृदयाच्या विजेचा आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले होते. रोग्याने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचे, असा तो थाट होता. या कामगिरीबद्दल आइन्थोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पार्डी यांनी झटक्यानंतर हा आलेख कसा बदलतो ते दाखविले, आणि डॉक्टरांच्या हाती प्रथमच एक साधन आले. ते आजही पहिले साधन आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाचा कार्डिओग्राम दहा मिनिटांत निघालाच पाहिजे, असा आजचाही दंडक आहे. परंतु कार्डिओग्राम वीज मोजतो, इजा मोजत नाही. हृदयाचा काही भाग असा असतो की तेथील दुखापत आलेखात उमटतच नाही किंवा उशिरा उमटते. शिवाय जुनी दुखापत आणि नवी दुखापत यांची सरमिसळ होते ती वेगळीच.

केवळ गरीब-गुरिबांच्या बाबतीतच निदान चुकते असे समजण्याचे कारण नाही. २४ सप्टेंबर १९५५ च्या पहाटे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे छातीत दुखू लागले. त्यांचे खाजगी डॉक्टर उशाशी होते. तरीही जगाला पहिली बातमी देण्यात आली ती पोट बिघडल्याची. कार्डिओग्राम निघाला तो दुपारी, आणि मग खरा प्रकार कळला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला होता. जॉन लाड्यू, फेलिक्स रोब्लेव्स्की आणि त्यांचे तरुण सहकारी आर्थर कारमेन हे त्याचे कर्ते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या पेशींत नाना प्रकारची एन्झाइमे असतात; त्यांपैकी ट्रान्सअमिनेज नावाचे एक हृदयाच्या स्नायूत विपुल असते. (हे रसायन मूळ मॉस्कोतील ब्राउनस्टाइन आणि क्रिट्झमान या दोघांनी १९३७ साली उलगडले, तेही पारव्याच्या छातीच्या स्नायूत; त्यांच्या मनात हृदयरोग नव्हता.) हृदयाचा एक तुकडा मेला म्हणजे त्याच्या पेशींची भिंत खचते आणि आतले एन्झाइम रक्तात सांडते. धान्याच्या कोठाराची भिंत पडली की दाणे रस्त्यावर येतात. रस्त्यावरचे दाणे मोजून आत काय पडझड झाली असेल त्याचा अंदाज बांधता येतो, तसाच हा हिशेब. झटका आलेल्या रोग्यांच्या रक्तात हे एन्झाइम काही तासांत वाढते, सुमारे दिवसभराने शिखर गाठते आणि तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होते, असे दिसून आले. पुढल्याच वर्षी कारमेन यांनी अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून हे एन्झाइम झटपट मोजण्याची रीत बसविली, आणि साधारण प्रयोगशाळेलाही ही तपासणी आवाक्यातली झाली.

कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कोणाला कशी सुचली नाही असे वाटते. पण साध्या कल्पनेची अडचणही साधीच होती. या कोठारातला दाणा इतर कोठारांतही होता. यकृतात तर तो भरपूर होता. १९५५ साली इटलीत नेपल्सच्या दे रितिस यांनी काविळीच्या रोग्यांत हीच एन्झाइमे बेसुमार वाढलेली दाखविली, आणि हृदयाची म्हणून निघालेली तपासणी हळूहळू यकृताकडे दत्तक गेली. मग एल.डी.एच. नावाचे दुसरे एन्झाइम आले. ते उशिरा चढे आणि आठ-दहा दिवस टिकून राही, म्हणून चार दिवस दुखणे अंगावर काढून मग दवाखान्यात येणाऱ्यांना ते उपयोगी पडे. परंतु तेही अनेक घरचे पाहुणे होते.

या ठिकाणी एका जपानी संशोधकाची ओळख करून देणे आवश्यक आहे. सेत्सुरो एबाशी हे तोकियो विद्यापीठातील औषधशास्त्राचे अध्यापक. त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न एकच : स्नायू आखडतो कसा आणि सैल पडतो कसा? १९५९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या स्नायू झिजत जाण्याच्या रोगात क्रिएटिन कायनेज, म्हणजे सी.के., हे एन्झाइम रक्तात फार वाढते असे दाखविले. सी.के. स्नायूंत असते, यकृतात जवळजवळ नसते. तेव्हा यकृताची अडचण तर टळली. दुसऱ्याच वर्षी फ्रान्समधील ड्रेफ्यूस, शापिरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच हृदयाच्या झटक्यात मोजून पाहिले आणि ते लवकर चढते असे आढळले. पण हातापायांचे स्नायूही स्नायूच की! रोगी कळवळतो आहे म्हणून डॉक्टरांनी प्रथम कमरेत वेदनाशामक इंजेक्शन टोचावे आणि त्या टोचण्यानेच सी.के. वाढावे, असे प्रकार होत. इंजेक्शनावाचून ज्यांचे समाधान होत नाही अशा आपल्या समाजात तर ही अडचण किती मोठी असेल! पुढे सी.के.चे तीन पोटप्रकार आहेत आणि 'एम.बी.' हा प्रकार हृदयात विशेष आहे असे कळले, आणि १९७० नंतरची वीस-पंचवीस वर्षे सी.के.-एम.बी.चे राज्य चालले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावलेल्या माणसांतही ते वाढलेले सापडे. पण त्याहून चांगले काही हाती नव्हते.

निदान नेमके हवे, याची घाई याच काळात का वाढली? कारण निदानाला आता फळ येऊ लागले होते. त्यापूर्वी झटका आलेल्या माणसाला पाच-सहा आठवडे निजवून ठेवणे यापलीकडे फारसा उपाय नव्हता. १९६१ मध्ये एडिंबरोच्या डेस्मंड ज्युलियन यांनी अशा रोग्यांना एकत्र ठेवून त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांवर अहोरात्र नजर ठेवावी आणि ठोका बिघडताच विजेच्या धक्क्याने तो सावरावा, ही योजना मांडली. त्यातून हृदयरोग अतिदक्षता विभाग निघाले. १९८६ मध्ये इटलीतील सुमारे पावणेबारा हजार रोग्यांवरील चाचणीने गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा गुण सिद्ध केला. खाटा मोजक्या, औषधे जोखमीची. तेव्हा कोणाला ठेवून घ्यावयाचे आणि कोणाला घरी धाडावयाचे, हा प्रश्न जीवन-मरणाचा झाला. दुखणे, कार्डिओग्राम आणि रक्तातील एन्झाइम या तिहींपैकी दोन गोष्टी जुळल्या तर झटका मानावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा होता. तो जुळणाऱ्यांसाठी ठीक होता. न जुळणारे मधल्या मधे राहत.

आणि येथे एबाशी पुन्हा रंगभूमीवर येतात. स्नायूला आखडण्याचा हुकूम कॅल्शियम देते असे त्यांचे ठाम मत होते. इतक्या साध्या क्षाराला एवढा अधिकार असेल हे त्या वेळी अनेक नामवंतांना पटत नव्हते. सशाच्या स्नायूंवर वर्षानुवर्षे काम करून एबाशींनी कॅल्शियमचा हुकूम ऐकणारे प्रथिन वेगळे काढले आणि १९६५ साली, आयाको कोदामा यांच्यासह लिहिलेल्या निबंधात, त्याला नाव दिले ट्रोपोनिन. पुढे १९७१ पर्यंत त्याचे सी, आय आणि टी असे तीन घटक असल्याचे ठरले. हा शुद्ध ज्ञानाचा विषय होता. त्यातून दवाखान्यात काही येईल अशी अपेक्षा त्या वेळी फारशी कोणाची नसावी.

मर्म असे निघाले की, हृदयातील ट्रोपोनिन आय आणि टी हे हातापायांतील ट्रोपोनिनहून बांधणीने किंचित निराळे असतात. म्हणजे ज्याचा दाणा दुसऱ्या कोणत्याही कोठारात नाही असे पेव अखेर सापडले! परंतु हा दाणा रक्तात इतका थोडा सांडतो की तो शोधावा कसा? त्याची तजवीज दुसरीकडे झालेली होती. न्यूयॉर्कमधील रोझलिन यालो आणि सॉलोमन बेर्सन यांनी रक्तातील अत्यल्प इन्शुलिन प्रतिपिंडांच्या साह्याने मोजण्याची रीत १९६० च्या सुमारास बसविली होती. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हव्या तितक्या प्रमाणात बनविण्याची युक्ती शोधली. प्रतिपिंड म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली असे समजावे. अशा किल्ल्या हाती येताच १९८७ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या कमिन्स यांनी ट्रोपोनिन आय, आणि १९८९ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन टी रक्तात मोजून दाखविले. काटुस यांच्या पहिल्या किल्लीने क्वचित शेजारचे कुलूपही उघडे, म्हणजे हातापायांच्या स्नायूंतील ट्रोपोनिनही ती पकडी. ती खोड दुसऱ्या आवृत्तीत काढली गेली.

१९९२ साली हाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक निबंध आम्हांला या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू वाटतो. बसल्या जागी छातीत दुखते, पण जुन्या कसोट्यांनी झटका म्हणता येत नाही, असे ८४ रोगी त्यांनी तपासले. त्यांपैकी ३३ जणांच्या रक्तात ट्रोपोनिन टी सापडले. या ३३ पैकी १० जणांना इस्पितळातच झटका आला. ज्यांच्या रक्तात ते सापडले नाही अशा ५१ जणांपैकी केवळ एकाला आला. सर्वांचे दुखणे वरून सारखे होते आणि सर्वांवर शिक्का एकच होता. त्या एका शिक्क्याखाली दोन निराळी भवितव्ये होती, आणि ती ओळखण्याची खूण रक्तात होती.

याचा परिणाम म्हणून २००० साली युरोप आणि अमेरिका येथील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून झटक्याची व्याख्याच बदलली. निरोगी माणसांपैकी शंभरात नव्व्याण्णवांचा ट्रोपोनिनचा आकडा ज्या रेषेखाली असतो ती रेषा ओलांडली गेली, आकडा चढता-उतरता दिसला आणि जोडीला रक्तपुरवठा तुटल्याचे लक्षण असले, तर तो झटका. काल ज्याला केवळ 'अंजायना' म्हटले असते त्याला आज 'अटॅक' म्हणावयाचे. नावात काय आहे असे म्हणणाऱ्यांनी विम्याचा अर्ज भरून पाहावा किंवा लेकीचे लग्न ठरविताना बसणाऱ्या मंडळींत बसून पाहावे. व्याख्या बदलली आणि त्याबरोबर हजारो माणसांची स्वतःविषयीची समजूतही बदलली.

आतापर्यंत आपण मेलेल्या स्नायूची साक्ष ऐकली. आता थकलेल्या हृदयाची ऐकू; ती कहाणी निराळी आणि आमच्या मते अधिक नवलाची आहे. १६२८ साली विल्यम हार्वी यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडल्यापासून हृदय म्हणजे एक पंप, हेच सर्वांच्या मनावर ठसले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या वरच्या कप्प्यांत बारीक कण दिसले. असे कण ग्रंथींच्या पेशींत असतात, पंपात असण्याचे काही कारण नव्हते. कॅनडातील किंग्स्टन येथे आदोल्फो दे बोल्द हे या कणांमागे लागले. मूळचे अर्जेंटिनाचे. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि पाहतात तो त्या उंदरांच्या लघवीवाटे मीठ आणि पाणी धो धो वाहू लागले. हृदय पंप तर होतेच, पण ते ग्रंथीही होते. आपल्यावर भार पडला की ते मूत्रपिंडांना निरोप धाडीत होते की, बाबांनो, पाणी कमी करा.

१९८८ मध्ये जपानमधील सुदोह, कांगावा, मात्सुओ प्रभृतींनी डुकराच्या मेंदूत अशाच जातीचे दुसरे द्रव्य शोधले. मेंदूत सापडले म्हणून त्याच्या नावात मेंदू आला, बी.एन.पी.मधील 'बी' तो हाच. पुढे लक्षात आले की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून स्रवते. नाव मात्र राहिले ते राहिलेच, सदाशिव पेठेत राहणाऱ्या कोल्हापूरकरांसारखे.

त्याचा उपयोग कोठे? धाप लागलेला म्हातारा माणूस रात्री इस्पितळात आला, तर ती धाप दम्याची की हृदय थकल्याची, हे सांगणे भल्याभल्यांना जड जाते. आणि दोन्हींचे उपचार अगदी निराळे. २००२ साली अमेरिकेतील सॅन दिएगोच्या मेझेल यांच्या पुढाकाराने धाप लागून आलेल्या १५८६ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. बी.एन.पी.चा आकडा एका मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅम ही रेषा धरली, तर हृदय थकलेल्या शंभरांतील नव्वद जण ओळखले जात होते. आकडा कमी असेल तर धापेचे कारण बहुधा हृदयाबाहेर शोधावे, हा त्याचा मोठा फायदा. स्थूल माणसांत तो मुळातच कमी असतो, वयाबरोबर आणि मूत्रपिंड बिघडल्यास तो वाढतो. एवढे तारतम्य ठेवावे लागते.

येथवर आल्यावर एक मोह होणे साहजिक होते. निदानाला आकडा उपयोगी, तर उपचारही आकड्यावरच का चालवू नयेत? औषधे वाढवीत जावी आणि आकडा अमुक रेषेखाली आणावा! अमेरिकेत ८९४ रोग्यांवर याची रीतसर चाचणी झाली. एका गटाचे उपचार आकडा समोर ठेवून, दुसऱ्याचे डॉक्टरांच्या नेहमीच्या पद्धतीने. दोन्ही गटांत फरक दिसेना, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबविली गेली. तिचा अहवाल २०१७ साली आला. शिवाय २०१४ साली गुणकारी ठरलेले साक्युबिट्रिल हे औषध बी.एन.पी.चे विघटनच अडविते. म्हणजे रोगी सुधारत असताना त्याचा बी.एन.पी.चा आकडा चढलेला दिसू शकतो. अशा वेळी त्याचे भावंड असलेला एन.टी.-प्रो-बी.एन.पी. मोजावा लागतो. आम्हांला हे निष्फळ ठरलेले प्रयोग यशस्वी प्रयोगांइतकेच मोलाचे वाटतात, आणि त्यांची वर्तमानपत्रांतून कमी वाच्यता होते याचे वाईट वाटते.

ट्रोपोनिनच्या बाजूने मात्र सूक्ष्मतेची धाव थांबली नव्हती. काटुस यांच्या पहिल्या तपासणीपेक्षा सुमारे शंभरपट सूक्ष्म तपासण्या निघाल्या आणि २००९ पासून त्यांचे गुण सिद्ध होऊ लागले. आज आकडा नॅनोग्रॅममध्ये येतो. एका लिटरमागे एक नॅनोग्रॅम म्हणजे पाण्याच्या एक लाख कोटी भागांत एक भाग. एवढी बारीक नजर असली की निरोगी माणसाच्या रक्तातही ट्रोपोनिन दिसते. मग प्रश्न 'आहे की नाही' असा न राहता 'किती आहे आणि वाढते आहे काय' असा होतो. म्हणून एक रक्त आल्याबरोबर आणि दुसरे तीन तासांनी, कोठे कोठे तर एकाच तासाने घेतात, आणि दोहोंतील फरक पाहतात. दुखणे नुकतेच सुरू झालेले असेल तर पहिला आकडा कितीही चांगला आला तरी त्यावर माणसाला घरी धाडीत नाहीत.

या सूक्ष्म नजरेने काय काय दाखविले त्याची दोन उदाहरणे स्कॉटलंडमधील आहेत. स्त्रियांच्या निरोगी रक्तातील ट्रोपोनिन पुरुषांहून कमी असते. रेषा मात्र दोघांना एकच लावली जात होती. २०१५ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी दोघांना निरनिराळ्या रेषा लावून पाहिल्या, तेव्हा छातीत दुखून आलेल्या स्त्रियांपैकी झटक्याचे निदान होणाऱ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेले. पुरुषांचे १९ वरून २१ वर. 'बाईमाणसाला कसला अटॅक, दगदग झाली असेल' हे वाक्य आपल्याकडेही स्वयंपाकघराच्या दारात किती वेळा उच्चारले गेले असेल!

दुसरे उदाहरण २०१८ मधील. दहा इस्पितळांतील ४८,२८२ रोग्यांच्या पाहणीत नव्या तपासणीने जुन्या तपासणीच्या नजरेतून निसटलेले सुमारे पावणेदोन हजार रोगी हुडकून काढले. त्यांपैकी एक-तृतीयांशांनाच रोहिणीत गुठळी होऊन येतो तसला खरा झटका होता. बाकीच्यांच्या हृदयाला दुसऱ्या कशाने तरी इजा पोहोचलेली होती. आणि वर्षभराने हिशेब केला तेव्हा पुढील झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण नव्या तपासणीमुळे घटलेले दिसले नाही. हुडकून काढलेल्या स्त्रियांना तर पुरुषांइतके उपचारही मिळाले नव्हते, असे पुढील विश्लेषणात निघाले. ट्रोपोनिन इजा झाली एवढेच सांगते. कोणी केली ते सांगत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत, रक्तात जंतुदोष पसरलेल्यांत, फुप्फुसात गुठळी अडकलेल्यांत, आणि २०२० च्या कोरोनाच्या साथीत अत्यवस्थ झालेल्यांतही ते वाढलेले दिसते. म्हणून २०१८ च्या सुधारित व्याख्येत 'झटका' आणि 'हृदयाच्या स्नायूची इजा' हे दोन शब्द जाणूनबुजून वेगळे ठेवले आहेत.

त्याच स्कॉटलंडमधील पुढल्या, २०२१ सालच्या पाहणीने मात्र एक निश्चित लाभ दाखविला, आणि आमच्या मते तो लहान नाही. पहिल्याच रक्तात आकडा अगदी खालचा असेल आणि दुखणे सुरू होऊन पुरेसा वेळ गेला असेल, तर रोग्याला निर्धास्तपणे घरी पाठविता येते. इस्पितळातील सरासरी मुक्काम दहा तासांवरून सात तासांच्या आत आला. उगीच अडकलेली खाट मोकळी झाली की ती ज्याला हवी त्याला मिळते.

आज तालुक्याच्या गावीही ट्रोपोनिन तपासणारी पट्टी मिळते. रक्ताचे चार थेंब टाकले की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही. इस्पितळातील मोठ्या यंत्राची नजर या पट्टीला नाही. आणि रेघ उमटली नाही तरी 'दुखणे किती वाजता सुरू झाले?' हा प्रश्न विचारावाच लागतो. रोग्याबरोबर आलेल्यांना बहुधा जेवणात काय होते ते आठवते, वेळ आठवत नाही. आमचीही तीच तऱ्हा होती. जिलेबी आठवत होती.

मामांवर उपचार करणारे ते डॉक्टर पुढे वीस-बावीस वर्षे त्याच गावी होते. मामा गेले त्या वर्षाच्या पावसाळ्यात त्यांनी दवाखान्याच्या पडवीत दोन लोखंडी खाटा टाकून घेतल्या. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाचा कार्डिओग्राम कितीही स्वच्छ असो आणि रक्ताचे उत्तर कितीही चांगले येवो, त्याला ते त्या खाटेवर रात्रभर निजवीत आणि सकाळी पुन्हा रक्त काढीत. लोक कुरकुर करीत. डॉक्टरांचा हा खाटेचे भाडे काढण्याचा उद्योग आहे असेही कोणी म्हणे. वास्तविक ते भाडे घेत नसत. त्यांच्या कंपाउंडरने त्या खाटांना नाव ठेवले होते 'दुसऱ्या रक्ताच्या खाटा', आणि दवाखाना बंद होईपर्यंत गावात त्या त्याच नावाने ओळखल्या जात.